निळ्या दारावरची टकटक

ती गोष्ट मी रचली, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलंसुद्धा, पण कुणी मनावर घेतलं नाही.

मी गाइड आहे. आमच्या गावच्या बिशपांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी लोक अजून त्यांचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. त्यांना सगळे थोरले फादर म्हणायचे. एवढा मोठा माणूस, पण कधी मोटारीत बसला नाही. सकाळची मिस्सा आटोपली की पायी निघायचे आणि दुपारी जेवायला परतायचे. मधला वेळ कुणाच्या दुकानात, कुणाच्या उंबऱ्यावर, कुणाच्या खाटेशी. ते गेल्यावर चर्चने एक समिती नेमली आणि त्यांचा रोजचा रस्ता लोकांना हिंडून दाखवायचा ठरवला. सहा थांबे, दोन तास, सकाळी दहाला सुरुवात, सोमवारी सुट्टी. पहिला थांबा त्यांची खोली: लोखंडी पलंग, एक खुर्ची, चार वेळा तळ बदललेले बूट. लोक त्या बुटांचे इतके फोटो काढतात, जणू बुटांनाच संतपद मिळायचं आहे.

लोकांना वाटतं गाइडचं काम बोलायचं. बोलणं काय, कुणीही बोलतं. खरं काम असतं घोळका एकत्र ठेवायचं. आपण उलटं चालायचं, उन्हाकडे आपलं तोंड, त्यांची पाठ, दर वळणावर डोकी मोजायची, आणि शेवटचा माणूस येऊन पोचल्याशिवाय गोष्ट सुरू करायची नाही. आमच्या वाटेवर तिसरा थांबा छापखाना आणि चौथा दवाखाना. दोन्हींच्या मध्ये एका गोदामाची लांबलचक भिंत आहे. बारा मिनिटं नुसती भिंत. सावली नाही, दुकान नाही, बघायला मांजरसुद्धा नाही. पुढचे लोक दवाखान्याच्या फाटकाशी पोचायचे तेव्हा मागचे छापखान्याशीच रेंगाळलेले असायचे. माझ्या नाकी नऊ यायचे.

त्या भिंतीत बरोबर मध्यावर एक निळं दार आहे. समोर दोन पायऱ्या. दारामागे काही नाही. गोदामाच्या मालकाने ते आतून विटांनी बुजवून टाकलंय, मी आत जाऊन डोळ्यांनी बघितलंय. एकदा घोळक्यातल्या एक म्हाताऱ्या बाई त्या पायऱ्यांवर बसल्या, त्यांना धाप लागली होती. पाच मिनिटं काढायची होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दारावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे एक बाई राहायच्या."

मग काय, जीभ सुटली ती सुटली. बाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या. पाणीसुद्धा घोटभरच प्यायच्या, उगाच कुणाला उठवायला नको म्हणून. कुणाशी बोलणं नको, कुणाचं येणं नको. थोरले फादर दर गुरुवारी यायचे, तीन वेळा टकटक करायचे, थांबायचे. दार उघडायचं नाही. ते निघून जायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे. कुणीतरी विचारलं, फादर, कशाला जाता? ते म्हणाले, दार उघडावं म्हणून नाही जात, कुणी आलं होतं हे तिला कळावं म्हणून जातो. आणि मग एके दिवशी बाई स्वतःच्या पायांनी चालत आल्या, दार उघडलं, फादर आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्याच दुपारी बाई शांतपणे गेल्या.

गोष्टीला शेवट लागतो. मला सुचला तो मी दिला.

घोळक्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी. धाप लागलेल्या बाई उठल्या आणि त्यांनी निळ्या दारावर तीनदा टकटक केली. मग बाकीच्यांनीही केली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, कारण पहिल्यांदाच माझा घोळका त्या भिंतीशी एकसंध राहिला होता. महिनाभरात माझ्या जोडीचा गाइडही ती सांगायला लागला. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, पाठ केलेलं अक्षर न गाळता म्हणणारा. तीन महिन्यांत समितीने दाराशेजारी पितळी पाटी ठोकली. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत सहाचे सात थांबे झाले.

आता आईबद्दल. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही. आईने मात्र हातपाय गाळले ते गाळलेच, खाट सोडली नाही. तिला सांभाळायला एक मावशी येतात, सकाळी सातला येऊन अकराला जातात. मी घरी पोचते एक वाजता. मधले दोन तास आई एकटी. दोन तासांनी काय होतंय, असं मी स्वतःला रोज म्हणायचे आणि रोज घाईघाईने निघायचे. खरं सांगायचं तर मला बाहेर बरं वाटायचं.

मावशी एक दिवस म्हणाल्या, "ताई, आई आज कुशीवर वळल्या, आपल्या आपण." मला आनंद झाला. पुढच्या आठवड्यात मी घरी आले तर आई उशीला टेकून बसलेली. मग एक दिवस तिचे पाय खाटेखाली लोंबकळत होते. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" आणि सगळं श्रेय घेऊन टाकलं. मी त्यांना मिठाईसुद्धा दिली.

"कशी काय गं उठलीस?" मी आईला विचारलं.

"दार वाजतं ना," आई म्हणाली. "कुणीतरी येऊन उभं राहतं. किती दिवस नुसतं ऐकत पडायचं?"

"कुरिअरवाला असेल."

"कुरिअरवाला काय रोज येतो होय? आणि इतक्या सबुरीने वाजवतो? तीनदा वाजवतात, थांबतात, जातात."

मी मनाशी म्हटलं, योगायोग. म्हातारी माणसं रेडिओ ऐकतात, त्यातलं काहीतरी डोक्यात बसतं. पण आईचा रेडिओ तर कधीच बंद पडला होता. मी सोमवारी मुद्दाम विचारलं, आज कुणी आलं होतं? आई म्हणाली, सोमवारी नाही येत. त्या शनिवारी गर्दी होती म्हणून मास्तरने आणि मी पाठोपाठ दोन घोळके नेले. घरी गेले तर आई म्हणाली, "आज दोनदा आले गं. काही निकड असेल का?"

पुढच्या दिवशी मी मावशींना सांगितलं की जाताना फोन आईच्या उशाशी, आवाज मोठा करून ठेवा. अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही निळ्या दाराशी पोचलो. मी घोळक्याला गोष्ट सांगितली आणि बाजूला होऊन घरी फोन लावला. आईने उचलला. मी म्हटलं, काही नाही, सहज केला. समोर एका जाड्या गृहस्थांनी पायरी चढून दारावर उगारलेली मूठ मला दिसत होती. घाईघाईत तीन ठोके, पोरं वाजवतात तसे. आणि माझ्या कानाशी, फोनमध्ये, तीन ठोके ऐकू आले. ते घाईचे नव्हते. एक, मग थांबून दुसरा, मग थांबून तिसरा. दार वाजवणाऱ्याला दिवसभर वेळ असावा असे.

"आले," आई म्हणाली. तिने फोन खाली ठेवला, बंद केला नाही. खाट करकरली. मग पाय ओढल्याचा आवाज, अगदी हळू, दोन पावलं, तीन पावलं. मग काही नाही.

त्या दिवशी मी घोळका मास्तरच्या गळ्यात टाकला आणि धावत घरी गेले. आई खोलीच्या चौकटीला धरून उभी होती. दोन वर्षांत मी तिला उभी बघितली नव्हती. मी तिला धरून खाटेवर आणलं, तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती हसत होती. मला मात्र एवढंच दिसत होतं की खोलीच्या चौकटीपासून बाहेरच्या दारापर्यंत फार तर आठ पावलं उरली आहेत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छताकडे बघत पडलेली, घोटभर पाणी पिणारी ती बाई मी कुठून आणली होती? अनोळखी लोकांसमोर मी रोज माझ्या आईचं दुःख सांगत होते, त्यांना रडवत होते, शाबासकी घेत होते. आणि त्याच वेळी आई घरी एकटी पडलेली असायची. शेवट तेवढा मी माझ्या पदरचा जोडला होता. आणि त्या शेवटात बाई दार उघडतात आणि त्याच दुपारी जातात.

मी चर्चच्या आताच्या फादरांकडे गेले. वाटेचं सगळं काम तेच बघतात. तरुण आहेत, भले आहेत, टेबलावर कागदांचा ढीग. मी सरळ सांगितलं, "फादर, निळ्या दाराची गोष्ट खोटी आहे. मी रचली. पाटी काढा."

 मग उठून त्यांनी एक फाइल काढली. "ताई, तीन जणांनी लेखी साक्ष दिली आहे. एक तर गोदामाचे जुने पहारेकरी. त्यांनी थोरल्या फादरांना त्या पायऱ्यांवर उभं असलेलं स्वतः बघितलंय, असं म्हणतात."

"कसं बघतील? दारामागे विटा आहेत!"

"तेव्हा नसतील. ताई, ते किती दारांवर टकटक करायचे याचा हिशेब कुणापाशी आहे? तुम्हाला वाटतं तुम्ही रचली. कदाचित ती तुम्हाला सुचवली गेली."

अशा भल्या माणसांशी भांडता येत नाही. मी आईबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात विचारलं, "पण आई बऱ्या होतायत ना?"

मग मी मला जमेल ते केलं. माझ्या घोळक्याला दारापाशी न थांबवता पुढे दामटलं, तर पुस्तिका हातात धरून दोन बायका मागे फिरल्या आणि टकटक करून आल्या. गोष्टीचा शेवट बदलला, दार कधी उघडलंच नाही असं सांगितलं, तर चष्मेवाल्या एका आजोबांनी बोट ठेवून मला वाचून दाखवलं, "बाई, इथे तर उघडलं असं लिहिलंय." मास्तरच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "छापलंय ते सांगणार." त्या आठवड्यात आई रोज एकेक पाऊल पुढे आली. मावशी टाळ्या वाजवत होत्या.

म्हणून मी कामावर जाणं सोडलं. घरी राहिले. अकराला मावशी गेल्या की मी कडी लावायचे, वरची खिटी लावायचे आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसायचे. पहिल्या दिवशी अकरा वीसला ठोके पडले ते माझ्या पाठीत. लाकूड हललं. दाराखालच्या फटीतून मी बाहेर बघितलं, तर उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. पायांची सावली नव्हती. दुसरा ठोका. तिसरा. मग ती शांतता. कुणी ऐकतंय, वाट बघतंय, अशी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आई चालत आली. केस विंचरलेले, पदर नीट घेतलेला. भिंतीला हातसुद्धा लावला नव्हता.

"बाजूला हो," ती म्हणाली. "किती वेळ उभं ठेवायचं माणसाला?"

"नाही."

"अगं, कुणी आलंय."

"आई, नाही उघडायचं. तुझी शपथ."

ती मग वळली आणि परत जाऊन खाटेवर पडली, तोंड भिंतीकडे करून. माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ठोके पडले तेव्हा उठलीच नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून माझी मलाच शिसारी आली. आई वाचली होती. अशी वाचली होती की मान वळवत नव्हती, आणि पाणी पुन्हा घोटावर आलं होतं.

दहा दिवस असे गेले. रोज अकरा वीसला मी दाराला पाठ लावायचे आणि सोमवार सोडून रोज तीन ठोके माझ्या पाठीत पडायचे. राग नाही, जोर नाही, एक ठोका कमी नाही की जास्त नाही. मी एकदा ओरडले, जा म्हणून.  कुणी गेल्याची पावलं वाजली नाहीत.

अकराव्या दिवशी मावशी गेल्या आणि मी कडी लावायला निघाले, तेव्हा आई भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली.

"आता पुन्हा दाराशी जाऊन बसशील."

"हो."

"आधी बाहेर जायचीस, आता दाराशी बसतेस. माझ्याजवळ काही कुणी बसत नाही."

 "आई, तू गेलीस तर मी काय करू?"

"हे विचारायला इतके दिवस घेतलेस," ती म्हणाली. आता ती वळली. डोळे कोरडे होते, पण आवाज थकलेला. "मला भीती नाही वाटत गं. तुला वाटते. त्यापायी मला डांबून ठेवलंयस. ते काही दमायचे नाहीत. तूच दमशील."

मला तिचा राग आला. ती इतकी शांत होती याचाच राग आला. वाटलं, इतकी वर्षं मी राबले, धावले, आणि ही एका टकटकीसाठी निघाली. मग ती सगळी चिडचिड कुठल्या कुठे गेली आणि उरलं ते एवढंच, की मला माझी आई हवी होती. पन्नाशी उलटलेली मी, भरल्या घरात पोर रडतं तशी रडले. तिने मला रडू दिलं.

अकरा वाजून पंधरा मिनिटांनी मी उठले. दारापाशी गेले. वरची खिटी काढली, कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. बाहेर कुणी नव्हतं. रस्त्यावरचं ऊन थेट खोलीच्या चौकटीपर्यंत आलं. मी परत आले आणि आईच्या उशाशी, खाटेवर बसले. तिने माझा हात घेतला. तिचा हात हलका होता. आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, लहानपणी तू किती घाबरट होतीस. मी म्हटलं, तू कुठे मला धीट केलंस? ती हसली. मग ती म्हणाली, माझी जाड शाल मावशींना दे, आणि तुळशीच्या रंगाची साडी तूच ठेव, नेसत जा, नुसती घडी करून ठेवू नकोस. मी मान हलवली. घड्याळात अकरा वीस झाले.

ठोके पडले नाहीत. दार उघडं असताना कोण कशाला वाजवेल? उन्हाचा तो पट्टा क्षणभर मंद झाला आणि पुन्हा उजळला. आईने पाय पोटाशी घेतले, पायथ्याला जागा केली. तिथे गादी दबली, चादरीच्या सुरकुत्या त्या बाजूला ओढल्या गेल्या.

"या," आई म्हणाली. असा आवाज तिचा मी लहान असताना ऐकला होता, पाहुणे आल्यावरचा. "ही माझी लेक."

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. किती वेळ ते सांगता येत नाही. बाहेर एक सायकल गेली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. पायथ्याशी बसलेल्याने घाई केली नाही.

"हात जरा सैल सोड गं," आई म्हणाली. "दुखतोय."

मी हात सैल केला.